एका किलोमीटरबद्दल आभार

माननीय संस्थाचालक महोदय यांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या शाळेच्या फाटकावर मी तीनदा भेटीची चिठ्ठी देऊन आले. तिन्ही वेळा रखवालदारकाकांनी अदबीने सांगितलं, साहेब बैठकीत आहेत. चौथी चिठ्ठी देण्याऐवजी पत्रच लिहिते आहे, आणि तेही चारचौघांच्या देखत. या आगळिकीबद्दल आधीच क्षमा मागते.

हे पत्र आभाराचं आहे. पुढे शब्द कडवट होत जातील, मला ठाऊक आहे. तरी ज्या गोष्टींबद्दल आभार मानणार आहे, त्या आम्हाला खरोखर मिळाल्या आहेत आणि आपल्यामुळेच मिळाल्या आहेत. यातला एकही नमस्कार खोटा समजू नये.

मी आमच्या वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवते. पत्र्याची खोली, एक फळा, बावीस मुलं. शिक्षण हक्काचे, म्हणजे सगळे ज्याला आरटीई म्हणतात त्याचे अर्ज सुरू झाले, की या खोलीची कचेरी होते. जन्मदाखला, जातीचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, भाड्याने राहत असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार. आमच्याकडचा घरमालक साधी भाड्याची पावती देत नाही, तो करार नोंदवायला येणार कशाला? त्याच्या पाया पडावं लागतं. एवढं सगळं जमलं, की नकाशावर घर दाखवायचं. पडद्यावर एक बलून असतो, तो नेमका आपल्या घरावर नेऊन ठेवायचा. आमच्या गल्ल्या नकाशात नाहीत. एक आई पडद्यावर बोट फिरवत म्हणाली, "ताई, संडासामागची गल्ली कुठाय यात?" बलून चुकीच्या जागी पडला, तर पडताळणीत प्रवेश जाऊ शकतो. म्हणून मी मोठ्या मुलांना घेऊन पायी अंतरं मोजत फिरते.

तेव्हा पहिले आभार अंतराबद्दल.

२००९चा कायदा सांगतो, की खासगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या किमान २५ टक्के जागा परिसरातल्या दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. मग ९ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्या राज्य सरकारने नियम बदलला. खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला या जागा देण्यातून सूट. शहरात एक किलोमीटर चालून बघा. महापालिकेची नाही तर अनुदानित, कुठली ना कुठली शाळा लागतेच. आपल्या फाटकापासून महापालिकेच्या शाळेचं फाटक सहाशे दहा पावलांवर आहे. आमच्या सातवीतल्या मुलाने दोनदा मोजलं.

नियम बदलला त्याच आठवड्यात पालकसभेत आपण म्हणालात, की आता शाळेचा दर्जा राखता येईल. त्या सभेला आलेल्या एका पालकांनीच हे मला सांगितलं. त्यांना ते आवडलं नव्हतं.

महोदय, त्या वाक्याबद्दल मी आपली ऋणी आहे. तोवर आमच्या वस्तीत कायदा हा शब्द निघाला, की डोळ्यांसमोर पोलीस यायचा नाही तर अतिक्रमणाची गाडी. त्या फेब्रुवारीनंतर धुणीभांडी उरकून बाया अभ्यासिकेत यायला लागल्या आणि मुलांच्या शेजारी बसून त्यांनी कायद्याचं बारावं कलम वाचून घेतलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना त्यांच्या मुलींनी वाचून दाखवलं. एक आजी शेवटी म्हणाल्या, "हे आमचं होतं तर आधी कुणी का नाही सांगितलं?" मी गेली सहा वर्षं सांगतच होते. पण काढून घेतल्याशिवाय ते आपलं होतं, हे लोकांना पटत नाही. ती कामगिरी आपण एका वाक्यात केलीत.

पुढचं आपल्याला माहीत आहे. राज्यातले पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे २०२४ रोजी त्या बदलाला स्थगिती मिळाली, १९ जुलैला न्यायालयाने तो रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. तोवर जूनमध्ये शाळा भरल्या होत्या. स्थगितीनंतर अर्ज नव्याने भरावे लागले आणि सोडतीचा निकाल जुलैत लागला. आमच्या वस्तीतली एक मुलगी आपल्या शाळेत पहिलीत बसली तेव्हा बाकीच्यांची मुळाक्षरं गिरवून झाली होती. तिचं नाव इथे लिहीत नाही. आमची मुलगी म्हणते, तेवढं पुरे.

आपलं एक दुखणं खरं आहे आणि ते मी आपल्या बाजूने मांडते. आरटीईतल्या प्रत्येक मुलामागे सरकार शाळांना वर्षाला १७,६७० रुपये देणं लागतं. करोनाच्या वर्षात ते ८,००० वर आणलं, आणि आहे तेही वेळेवर मिळत नाही. राज्यभरातल्या शाळांची थकबाकी शेकडो कोटींची आहे. लहान शाळांना यात शिक्षकांचे पगार करणं जड जातं. या पैशासाठी आपण मोर्चा काढलात, तर वस्तीतल्या शंभर बाया घेऊन मी मागे उभी राहीन. पण सरकारचं येणं आपण आमच्या पोरीच्या वहीतून वसूल करू पाहिलंत. 'ॲक्टिव्हिटी फी' म्हणून चिठ्ठी आली, मग 'डिजिटल वर्ग' म्हणून आली, मग गणवेश एकाच दुकानातून घ्यायची ताकीद आली. त्या चिठ्ठ्यांबद्दलही आभार. तिच्या आईने त्या एकावर एक टाचून ठेवल्या आहेत. पावती न देता मागितलेला पैसा कसा टाचून ठेवायचा, हे तिला आता उत्तम कळतं.

नोव्हेंबरातल्या गोष्टीवर मी थोडी रेंगाळणार आहे. आपला वेळ जाईल, क्षमा असावी.

७ नोव्हेंबरला आपल्या शाळेत विद्यार्थी दिवस साजरा झाला. १९०० साली त्या तारखेला छोट्या भीमरावांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं, म्हणून हा दिवस. तिसरीतल्या एका गोड मुलाने इंग्रजीत भाषण पाठ म्हटलं. त्या भाषणात बाबासाहेबांना वर्गात वेगळं बसवत असत, हेही होतं. ते बसायला घरून गोणपाट न्यायचे, आणि शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते पुन्हा घरी आणायचे. शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी मिळायचं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या तासाला आपल्या एका शिक्षिकाबाईंनी यादी हातात घेऊन म्हटलं, "आरटीईवाले उभे राहा."

कागदपत्रं तपासायची होती, एवढंच कारण. बाईंच्या मनात वाईट काही नसेल, मी मान्य करते. कामाच्या ओझ्याखाली तो शब्द त्यांच्या तोंडात बसला असेल. पण शब्द तोंडात बसतो तो वरून येतो. आपल्या कार्यालयातल्या फायलीवर तो जाड अक्षरात आहे, हजेरीपटात नावापुढे आहे, ओळखपत्राच्या क्रमांकातही आहे. शिक्षण हक्काच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे, की या मुलांना वर्गात वेगळं काढायचं नाही, त्यांचे वर्ग वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या जागी भरवायचे नाहीत, पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय, खेळ यांत भेद करायचा नाही. म्हणजे साताऱ्याच्या त्या गोणपाटाची आठवण ठेवूनच कुणीतरी हे वाक्य घातलं आहे.

सहा मुलं उभी राहिली. आमची मुलगी उभी राहिली. आणि तिच्या बाकावरची मुलगी, जिचे वडील डॉक्टर आहेत, तीही उभी राहिली. बाई म्हणाल्या, "तू नाही, बस." ती म्हणाली, "आम्ही एका बाकावर बसतो." तिला वाटलं, उभं राहायचं ते बाकावरच्या दोघींनी.

या एका वाक्यासाठी मी आपल्यापुढे खरोखर हात जोडते, महोदय. आपल्या शाळेत ते घडलं. सहा वर्षांच्या त्या मुलीला कायदा ठाऊक नव्हता, शेजारची मैत्रीण ठाऊक होती. त्या एक किलोमीटरच्या नियमाने ही शेजारीणच काढून टाकायची होती. आमच्या मुलीला महापालिकेच्या शाळेतही पाटी मिळाली असती, तिथले शिक्षक जीव तोडून शिकवतात. मिळाली नसती ती डॉक्टरांची मुलगी. आणि डॉक्टरांच्या मुलीला आमची.

ही गोष्ट आपल्याआधी या मुलखात लोकांना कळली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि दोन वर्षांनी अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळाच बंद करून त्या मुलांना बाकीच्यांच्या शाळेत बसवायचा हुकूम काढला. वेगळी शाळा चांगली चालवणं त्यांना सोपं गेलं असतं. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची पोरं एका चुलीवर शिजलेलं जेवत. त्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. जोतीराव फुल्यांनी तर १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे सांगितलं होतं, की सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. ती सक्ती साऱ्या देशासाठी कायद्यात यायला २००९ साल उजाडलं. त्या कायद्यातून पळवाट शोधायला मात्र पंधरा वर्षंही लागली नाहीत.

आपल्या प्रवेशद्वाराशी सावित्रीबाईंची मोठी तसबीर आहे, रोज ताजा हार असतो, हे मी आवर्जून नमूद करते. पुण्याच्या ज्या भिडेवाड्यात १८४८ साली त्यांनी मुलींना शिकवलं, तो वाडा पडका होऊन गेला होता, २०२३च्या डिसेंबरात तिथे स्मारकासाठी जागा मोकळी करण्यात आली. त्यांच्या अंगावर शेण फेकणारे लोक कोण होते, हे आपल्या मुलांना कुणी विचारलं तर ती सांगतील, वाईट लोक होते. ते चांगल्या घरांतले, देवधर्म करणारे, शाळेचा दर्जा राखू पाहणारे लोक होते.

स्नेहसंमेलनाचं थोडक्यात सांगते. नाचाच्या पोशाखाचे अठराशे रुपये भरता आले नाहीत, म्हणून आमच्या मुलीला शेवटच्या रांगेत पुठ्ठ्याचं झाड धरून उभं केलं. ती झाड धरून तीन मिनिटं हलली नाही, घरी येऊन पाय चोळत बसली.

पण त्या झाडामुळे आमच्या चौकात स्नेहसंमेलन सुरू झालं. ते आपलं देणं आहे, नाकारू नका. वस्तीतल्या एका ढोलकीवाल्या काकांनी आठ दिवस मुलांकडून पोवाडा बसवून घेतला. काका दुसरी नापास आहेत. मी त्यांना अण्णाभाऊ साठ्यांचं सांगितलं, की शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम दीड दिवस पाहिलं असं सांगतात आणि तरी कथा, कादंबऱ्या, लोकनाट्यं त्यांनी लिहिली. नारायण सुर्व्यांचं सांगितलं, की मुंबईच्या रस्त्यावर सोडून दिलेलं ते पोर गिरणी कामगाराने उचललं, ते शाळेत शिपाई झाले आणि मग त्याच मुंबईत शिक्षक झाले. काका म्हणाले, "शिपायाचा मास्तर झाला? मग शिपाई असताना त्यांना कुणी तुम्ही म्हणत होतं का?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याच रात्री मोठ्या मुलांसाठी आणि पालकांसाठी चादर ताणून 'फँड्री' दाखवला. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट आपण पाहिला असेल. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि डुकरामागे धावणारं ते कुटुंब जिथल्या तिथे थांबतं, तिथे आमच्या चौकातलीही दोन पोरं उठून उभी राहिली. पुढे ते डुक्कर खांद्यावर टांगून शाळेच्या भिंतीवरच्या महापुरुषांच्या चित्रांसमोरून जातात, तेव्हा कुणी हललं नाही. शेवटी त्या कुटुंबातला मुलगा जब्या दगड भिरकावतो आणि तो दगड थेट बघणाऱ्याच्या अंगावर येतो. पडदा काळा झाला. बराच वेळ कुणी दिवा लावला नाही. मग आमच्या सातवीतल्या त्या पावलं मोजणाऱ्या मुलाने विचारलं, "ताई, दगड लागला कुणाला?"

तो प्रश्न मी जसाच्या तसा आपल्याकडे पाठवते आहे.

आता शेवटचे आभार, आणि हे मानताना माझा हात थरथरतो आहे.

आपल्या शाळेत वर्ग झाडणाऱ्या, मुलांना शौचालयात नेणाऱ्या, सांडलेलं पुसणाऱ्या ज्या मावशी असतात, त्यांतली एक आमच्या मुलीची सख्खी आत्या होती. मुलगी शाळेत दाखल झाली त्या दिवशी आत्याने तिला जवळ घेऊन सांगितलं, "शाळेत मला आत्या म्हणायचं नाही." कुणी सांगितलं होतं का तिला तसं? नाही. लेखी हुकूम नव्हता, तोंडी नव्हता. पण मावशांनी मुलांच्या पंगतीत जेवायचं नाही, पालक आले की जिन्याच्या मागे थांबायचं, त्यांच्यासाठीचा जिना वेगळा, कप वेगळा, हे ती तीन वर्षं पाहत होती. एवढ्या पाठांनंतर हा धडा तिने मनानेच तयार केला. आपल्या भाचीला या इमारतीत मान मिळायचा असेल, तर आपण तिच्या कुणी नसणं बरं.

सहा वर्षांची पोर रोज त्या बाईसमोरून ओळीत चालत गेली आणि तिने हाक मारली नाही. एकदा मधल्या सुट्टीत तिच्या हातून डबा सांडला. आत्या फडकं घेऊन धावत आली. पोरीने मान खाली घातली आणि म्हटलं, "सॉरी, मावशी." आत्याने ते पुसलं. संध्याकाळी दोघी अभ्यासिकेच्या दारात बसून रडत होत्या आणि दोघींना कशाचं रडू येतंय हे सांगता येत नव्हतं.

यात आभार कशाचे, आपण विचाराल. शाळा मुलांना काय काय शिकवू शकते, हे मला वीस वर्षांच्या शिकवणीत कळलं नव्हतं, ते आपण दाखवलंत.

आत्याने दिवाळीनंतर काम सोडलं, म्हणून हे लिहू धजले. तिच्या पोटावर पाय यावा अशी माझी इच्छा नव्हती.

माझ्या विनंत्या मोठ्या नाहीत. हजेरीपटातून तो शब्द काढावा. सहलीला, गॅदरिंगला, प्रयोगवहीला जे पैसे कायद्यात बसत नाहीत, ते मागू नयेत. आठवी संपल्यावर कायद्याचं छत्र संपतं आणि नववीच्या फीची चिठ्ठी मुलाच्या हातात देऊन त्याला वर्गाबाहेर उभं केलं जातं. आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा गेल्या वर्षी असाच आठ वर्षांचे मित्र सोडून बाहेर पडला. त्या मुलांचं पुढे काय करायचं, हे दोन वर्षं आधी पालकांना बोलावून, खुर्ची देऊन, बोलावं. आणि मावशांना एक बाक द्यावा, मुलांच्या दृष्टीस पडेल असा, जिन्याच्या पुढे.

आणि एकदा आमच्याकडे यावं. फाटक नाही, चिठ्ठी लागत नाही. संध्याकाळी सहानंतर कधीही. डॉक्टरांची ती मुलगी दोनदा येऊन गेली, तिची आई तिला सोडायला आली आणि चहा घेऊन बसली.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली नम्र,
वस्तीतली एक शिक्षिका

ता. क. : वार्षिक चित्रप्रदर्शनात पहिलीच्या मुलांना 'माझी शाळा' हा विषय होता. आमच्या मुलीने इमारत कागदाच्या कोपऱ्यात काढली, आणि मधोमध, इमारतीहून उंच, निळ्या साडीतली एक बाई हातात झाडू घेतलेली. बाईंनी सांगितलं होतं, मुख्याध्यापिकांना मोठं काढ. तिने ऐकलं नाही. चित्राखाली तिने दोन अक्षरं लिहिली आहेत, जोडाक्षर आणि काना सांभाळून, पहिल्यांदाच न चुकता. ते चित्र भिंतीवर लावलं गेलं नाही, आपल्या कार्यालयात जमा आहे, असं कळतं. तिला ते परत हवं आहे. आत्याच्या घरी लावायचं आहे.